परदेशस्थ विद्यार्थ्यांचीं पत्रें आणि त्यांतील खिडक्या

कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेस एका रद्दीच्या दुकानांत गतवर्षीं आम्हांस निळ्या हवाईपत्रांचें एक पुडकें मिळालें. दुकानदारानें तें वजनावर दिलें. पत्रें एकंदर सतरा. सर्व मराठींत, बाळबोध लिपींत, अमेरिकेंत शिकावयास गेलेल्या एका तरुणानें कांजूरमार्गच्या आपल्या घरीं लिहिलेलीं. सतरांपैकीं नऊ पत्रांचा उजवीकडील वरचा कोपरा कोणी कात्रीनें चौकोनी कापून नेला आहे. हवाईपत्रावर तिकीट छापलेलेंच असतें. कोणा तिकीटसंग्राहकानें तें कापून घेतलें, आणि तिकिटाच्या पाठीमागें आंतल्या बाजूस असलेला मजकूरही त्याबरोबर गेला. त्यामुळें या नऊ पत्रांत प्रत्येकीं एक खिडकी पडली आहे. प्रस्तुत लेख या खिडक्यांमुळें सुचला.

पत्रलेखक हयात असण्याचा संभव आहे. म्हणून त्याचें, किंवा तो ज्या विद्यापीठांत शिकला त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. आमच्या विषयास त्याची गरजही नाहीं. विषय असा कीं, शिक्षणासाठीं परदेशीं गेलेल्या मराठी माणसांनीं गेल्या सुमारें दीडशें वर्षांत लिहिलेलीं पत्रें, रोजनिशा व प्रवासवृत्तें यांची पारख कोणत्या कसोट्यांनीं व्हावी, आणि आजवर ती कशी झाली. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. सनदेवरील शिक्का खरा कीं बनावट या विवंचनेंत ज्या संशोधकाची झोंप उडते, तोच संशोधक विलायतेहून आलेल्या पत्राची छापील नक्कल हातीं पडतांच तिला मूळ पत्र समजून चालूं लागतो.

या बाबतींत घरचेंच एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखें आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं सत्तावन सालच्या धामधुमींत केलेल्या उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाची हकीकत १८८३ च्या सुमारास लिहून काढली. चिंतामणराव वैद्य यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली. छापतांना तींत आपल्या मतें जरूर ते फेरफार केले. पुढें मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि दत्तो वामन पोतदार यांनीं तें १९६६ सालीं मूळाबरहुकूम प्रसिद्ध केलें. मधल्या एकोणसाठ वर्षांत महाराष्ट्रानें जे गोडसे वाचले, ते कांहीं अंशीं वैद्यांचे गोडसे होते. वैद्यांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. त्यांनीं फेरफार केले, पण हस्तलिखित नष्ट केलें नाहीं; म्हणून पुढच्या पिढीस दोन्ही पाठ शेजारीं ठेवून पाहतां आले. संपादकाचें पाप आणि पुण्य यांचा हिशेब मूळ प्रत शिल्लक राहिली कीं नाहीं यावर ठरतो.

गोडसे भटजी विद्यार्थी नव्हते व समुद्रापारही गेले नाहींत. परंतु ज्या वर्षाच्या सुमारास ते आपली हकीकत कागदावर उतरवीत होते, त्याच वर्षीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजांत बसल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. त्यांचें माहेर कल्याणचें, म्हणजे १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें सुरू होऊन पुढच्याच वर्षीं कल्याणास पोंचलेल्या लोहमार्गावरील. आज कांजूरमार्गाहून ज्या गाड्या जातात, त्या याच मार्गानें. वयाच्या अठराव्या वर्षीं त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या, ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. इतक्या तारखा निर्विवाद आहेत. वाद आहे तो या तारखांच्या मधल्या जागेविषयीं. त्या परदेशांत काय खात होत्या, काय नेसत होत्या, कोणास भीत होत्या, कशाचा त्यांस आनंद होत होता, हें आपण कोणाच्या तोंडून ऐकतों?

त्यांच्या पत्रांचे तीन ढीग करावे लागतात. पहिला, पति गोपाळराव यांस मराठींत लिहिलेल्या पत्रांचा. दुसरा, न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांस इंग्रजींत लिहिलेल्या पत्रांचा. या बाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार अमेरिकेस जाण्यापूर्वीं कांहीं वर्षें चालला होता, व पुढें त्या बाईंच्याच घरीं त्या उतरल्या. तिसरा ढीग लहान आहे, पण संशोधकाच्या दृष्टीनें अमोल : महाविद्यालयाशीं झालेला लेखी व्यवहार. प्रवेशासाठीं त्यांनीं २८ जून १८८३ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यास लागल्यापासून अवघ्या चोवीस दिवसांनीं, लिहिलेलें पत्र त्या महाविद्यालयाच्या दप्तरांत राहिलें, व तें दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठांत जतन केलेलें आहे. आप्त व जातभाई यांचा विरोध पत्करून आपण आलों, हें त्यांनीं त्यांत स्वतःच नमूद केलें आहे. या पत्रावर चरित्रकाराची कात्री चाललेली नाहीं. त्याच दप्तरांत १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र आहे. आनंदीबाई, जपानच्या ओकामी केइको आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोषाखांत शेजारीं बसल्या आहेत. हें छायाचित्र आज सर्वत्र छापलेलें आढळतें. मात्र या तिघी वर्गांतही रोज अशाच एकत्र वावरत असत असा निष्कर्ष त्यावरून काढणाऱ्यांनीं सावध असावें. छायाचित्रासाठीं बसणें हा एक प्रसंग असतो. तो नित्यक्रम नव्हे.

आतां या ढिगांवर रचलेले ग्रंथ पाहूं. पहिलें चरित्र कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन बाईंचें. तें १८८८ सालीं, आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर अवघ्या वर्षानें, बोस्टन येथें निघालें. त्याच्या मुखपृष्ठावर चरित्रनायिकेची ओळख पंडिता रमाबाईंची आप्त अशी करून दिली आहे. साधनचिकित्सेस एवढी एक ओळ पुरे. ग्रंथ कोणत्या वाचकांसाठीं लिहिला? ज्यांस रमाबाईंचें नांव त्या वेळीं ठाऊक होतें, ज्यांच्या वर्गणीवर हिंदुस्थानांतील विधवांच्या शाळेचा विचार चालला होता, अशा अमेरिकन सज्जनांसाठीं. दुसरें चरित्र काशीबाई कानिटकर यांचें. तें मराठींत, प्रथम १८८९ सालीं प्रसिद्ध झालें व १९१२ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. काशीबाईंचें ऋण मोठें आहे. पत्रें मराठी वाचकांपुढें आलीं तीं मुख्यतः त्यांच्यामुळें. परंतु छापलेलें पत्र म्हणजे निवडलेलें पत्र, आणि निवड म्हणजे एका परीची कात्रीच, हें विसरून चालावयाचें नाहीं.

त्यानंतर १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली, आणि २०१९ सालीं त्याच नांवाचा चित्रपट. कादंबरी म्हणून तिची योग्यता मोठी आहे. तिनें आनंदीबाईंस ग्रंथालयाच्या फडताळांतून काढून घराघरांत नेलें. आमचा आक्षेप कादंबरीकारावर नसून तिच्या वाचकांवर आहे, आणि त्या वाचकांत कांहीं लेखक व वक्तेही येतात. कादंबरींतील संवाद आनंदीबाईंचें वचन म्हणून व्यासपीठावरून सांगितलें जातें. तेथून तें वर्तमानपत्रांत जातें. वर्तमानपत्रांतून शाळेच्या निबंधांत. जेथें मूळ साधनांत खिडकी होती, तेथें कादंबरीकारानें आपल्या अधिकारानें कांच बसविली, आणि पुढील लोक त्या कांचेलाच भिंत समजूं लागले. बखरीच्या बाबतींत हा प्रमाद आपण कोणास क्षमा केला नसता. मीरा कोसंबी यांनीं हीं पत्रें पुन्हा एकत्र घेऊन आनंदीबाईंचा जो अभ्यास केला, व जो त्यांच्या निधनानंतर २०२० च्या सुमारास ग्रंथरूपानें निघाला, त्याचें महत्त्व याच ठिकाणीं आहे. त्यांनीं चरित्राकडून पत्रांकडे जाण्याची उलटी वाट धरली.

उलट्या वाटेनें गेल्यास काय दिसतें याचें एक उदाहरण देतों. नऊवारी लुगड्यानें पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात व त्या थंडींत तें सोसत नाहीं, म्हणून आनंदीबाईंनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. चरित्रांत ही गोष्ट एका वाक्याची. पतीस लिहिलेल्या पत्रांत मात्र तिचें स्वरूप खुलाशाचें होतें. हजारों मैलांवर असलेल्या नवऱ्यास एका वस्त्राच्या निऱ्यांचीं कारणें द्यावीं लागतात. त्याच पत्रव्यवहारांत, गोपाळरावांनीं घेतलेल्या संशयांस उत्तर देतांना, लहानपणीं आपणांस सोसाव्या लागलेल्या मारहाणीचा उल्लेख त्या करतात, आणि तरीही आपल्या शिक्षणाचें श्रेय त्यांसच देतात. कोमल पत्नी आणि खंबीर पंडिता अशा दोन ठोकळ्यांपैकीं कोणत्याच ठोकळ्यांत ही बाई बसत नाहीं. ज्यास ठोकळा हवा असेल त्यास पत्र गैरसोयीचें वाटतें, व तो कात्री शोधूं लागतो. येथेंच दुसरीही एक सावधगिरी सांगून ठेवूं. १८८५ सालीं गोपाळराव स्वतःच अमेरिकेस पोंचले. पतीस लिहिलेल्या पत्रांचा ओघ जेथें आटतो, तेथें तो मनांतील दुराव्याचा पुरावा मानण्यापूर्वीं, पत्र घेणारा त्या दिवशीं कोठें होता हें पाहणें जरूर आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदानास फिलाडेल्फियाच्या सभागृहांत पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यासाठीं त्या इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाईही परदेशस्थ विद्यार्थिनीच. त्या १८८३ सालीं वैद्यक शिकण्याच्या इच्छेनें इंग्लंडास गेल्या, कानांच्या दोषामुळें तो मार्ग बंद झाला, आणि पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या राहिल्या. त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ हें मुळांत पुस्तक नव्हे. सदाशिव पांडुरंग केळकर यांस लिहिलेलें तें पत्र होय, व केळकरांनीं तें त्याच वर्षीं मुंबईस छापलें. पत्र स्नेह्यास लिहिलें, वाचलें सर्व महाराष्ट्रानें. आतां लक्षांत घ्यावें कीं, रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें झाला, व त्यावरून मुंबई-पुण्यास मोठें वादळ उठलें. त्या वादळानंतर ज्यांनीं हें प्रवासपत्र वाचलें, त्यांतील कित्येकांनीं प्रत्येक ओळींत पुढील धर्मांतराची चाहूल शोधली. समुद्रप्रवासाच्या वर्णनांतही त्यांस हेतु दिसूं लागला. मागाहून घडलेल्या गोष्टीच्या दिव्यानें आधींचा कागद वाचणें हा दोष मराठेशाहीच्या इतिहासांत आपण अनेकदां दाखविला आहे. येथें तो दाखविण्यास आपण कां कचरतों?

रमाबाईंचें दुसरें पुस्तक, अमेरिकेची लोकस्थिति व प्रवासवृत्त सांगणारें, १८८९ चें. त्याची जात निराळी. पहिलें पत्र विद्यार्थिनीचें, दुसरें पुस्तक संस्था उभारूं पाहणाऱ्या कार्यकर्तीचें. त्याच वर्षीं ११ मार्च रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीचा दिवसही ११ मार्चच. हा मेळ मनोरंजक आहे, परंतु मेळ म्हणजे पुरावा नव्हे. या पुस्तकांतील अमेरिका ही हिंदुस्थानास धडा म्हणून मांडलेली अमेरिका आहे. तेथील स्त्रियांच्या संस्था, वर्तमानपत्रें, शाळा यांची माहिती त्यांत भरपूर मिळेल. पण विद्यार्थिनीच्या खोलींतील एकांत त्यांत शोधूं नये. एकाच लेखिकेचीं दोन पुस्तकें दोन निरनिराळ्या वजनांनीं तोलावीं लागतात, एवढेंच आमचें म्हणणें.

याहून उत्तम पाठशाळा विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कागदांत आहे. शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठीं गेले व १९०३ सालीं परतले. या दोन वर्षांची साधनें तीन थरांचीं आहेत. पहिला थर त्यांच्या रोजनिशीचा. ती दुसऱ्यास दाखविण्यासाठीं लिहिली नव्हती, व पुढें गो. मा. पवार यांनीं ती संपादून प्रसिद्ध केली. दुसरा थर त्यांनीं तेथून मुंबईच्या ‘सुबोध पत्रिके’स पाठविलेल्या पत्रांचा, त्यांचा वाचक प्रार्थनासमाजांतला. तिसरा थर ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या ग्रंथाचा, जो त्यांनीं उतारवयांत, जवळजवळ चार दशकांनंतर तयार केला. रोजनिशी लिहिणारा तरुण उद्यां काय होणार हें जाणत नाहीं. वर्तमानपत्रास लिहिणारा आपणांस कोण वाचतो हें जाणतो. आठवणी सांगणारा वृद्ध सारेंच जाणतो : अस्पृश्यांसाठीं १९०६ सालीं काढलेली मंडळी, तींतील यश, तींतील मनस्ताप. तिघांचें नांव एक, पण साक्षी तीन. संशोधकानें तिघांची उलटतपासणी स्वतंत्र घ्यावी. पुष्कळांनीं मात्र वाचण्यास सोपा म्हणून तिसऱ्याचाच जबाब घेतला आणि पहिल्या दोघांस न्यायालयाच्या ओट्यावर बसवून ठेवलें.

कधीं कधीं साक्षीदारच समुद्रांत बुडतो. भीमराव आंबेडकर यांनीं १९१३ ते १९१६ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, व पुढें लंडनांत अभ्यास केला. १९१७ सालीं ते हिंदुस्थानास परतत असतां त्यांचें पुस्तकांचें सामान निराळ्या जहाजानें येत होतें. तें जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें व पुस्तकें तळास गेलीं. विद्यार्थ्याच्या पुस्तकांच्या समासांत जें लिहिलेलें असतें, त्याचें मोल संग्राहकांस सांगावयास नको. परंतु युद्धाच्या पाणबुडीनें झालेला नाश आपण हळहळून सांगतों, आणि रद्दीच्या तराजूनें रोज होणारा नाश आपल्या खिजगणतींतही नसतो.

आतां आमच्या कांजूरमार्गच्या पुडक्याकडे वळूं. १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचें आवार येथून जवळच पवईस आहे, आणि कांजूरमार्गचें स्टेशन १९६८ सालीं झालें. या टापूंतून अमेरिकेस शिकावयास गेलेल्या तरुणांचीं अशीं पुडकीं आणखी किती घरांतून माळ्यावर पडलीं असतील, व किती आधींच लगद्याच्या हौदांत गेलीं असतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

सतरांपैकीं पांच पत्रांवरच पूर्ण तारीख आहे. बाकीच्यांवर कोठें नुसता वार, कोठें तेंही नाहीं. कालनिर्णयाचीं गमकें पुढीलप्रमाणें. जीं आठ पत्रें अखंड आहेत, त्यांतील चारांवर १५ सेंटांचें तिकीट छापलें आहे, चारांवर १८ सेंटांचें. पहिला दर १९७१ सालीं सुरू झाला, दुसरा १९७४ सालीं. म्हणून १८ सेंटांचें पत्र १९७४ पूर्वींचें असूं शकत नाहीं. १५ सेंटांचें पत्र मात्र नंतरही जास्त तिकीट चिकटवून टाकतां येतें. तेव्हां तिकिटानें आरंभाची मर्यादा मिळते, शेवटची नव्हे. जीं पत्रें कापलेलीं आहेत, त्यांस पत्त्यानें मदत केली. आपल्या टपालखात्याचा सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाला. ज्या पत्त्यांत तो आहे तें पत्र त्यानंतरचें. ज्यांत नाहीं तें त्याआधींचेंच असें म्हणतां येत नाहीं, कारण जुन्या संवयी खात्याच्या हुकुमानें मोडत नाहींत. एका पत्रांत गाड्या सुरू झाल्या कां, बाबा कचेरींत कसे जातात, अशी चौकशी आहे. ती मे १९७४ च्या रेल्वे संपाची होय.

सर्वांत महत्त्वाचीं पत्रें दोन. एक आईस, त्यावर ९ ऑगस्ट १९७४ ही तारीख स्पष्ट आहे. दुसरें वडील भावास, ‘दादा’ अशा मायन्यानें. त्यावर फक्त शुक्रवार लिहिला आहे. त्यांत अध्यक्ष निक्सन यांनीं काल रात्रीं दूरचित्रवाणीवर राजीनामा जाहीर केल्याचा उल्लेख आहे. ती घोषणा गुरुवार, ८ ऑगस्ट १९७४ च्या रात्रीं झाली. तेव्हां दोन्ही पत्रें एकाच दिवसाचीं ठरतात. आईच्या पत्रांत सर्व सुखरूप : हवा चांगली आहे, आमटीचा मसाला अजून पुरतो आहे, खोलींतला सोबती मद्रासकडील असून त्याच्या सांबारास आपली चव नाहीं, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळतात. दादाच्या पत्रांत त्याच दिवसाचें दुसरें चित्र आहे. एका विषयांत तो नापास झाला आहे. शिष्यवृत्ति एका सत्रासाठीं थांबली आहे. रात्रीं भोजनालयांत तो भांडीं घासतो. आणि हें आईस कळूं द्यावयाचें नाहीं. पुढें परत येण्यासंबंधीं एक वाक्य सुरू होतें, आणि तेथेंच खिडकी आहे. खिडकीपलीकडे हवामानाच्या दोन ओळी व नमस्कार.

तो परत येणार होता, कीं येणार नव्हता? संपूर्ण पुडक्यांत सर्वांत महत्त्वाचें वाक्य हेंच, व तेंच एका तिकिटासाठीं गेलें. आमच्या एका स्नेह्यानें, पुडक्यांतील पुढील पत्रें पाहून, तें वाक्य कसें पुरें होत असावें हें आम्हांस मोठ्या खात्रीनें सांगितलें. त्यांचा तर्क असंभाव्य नाहीं. तरीही आमच्या नकलेंत आम्हीं त्या ठिकाणीं चौकोनी कंस घालून आंत फक्त टिंबें दिलीं आहेत, आणि कापलेल्या भागाची लांबीरुंदी नोंदली आहे. पुढील पत्रांवरून मागील वाक्य पुरें करणें म्हणजे त्या शुक्रवारच्या रात्रीं त्या मुलाच्या मनांत जो संदेह होता तो काढून टाकणें होय. त्या पत्राचा खरा ऐवज तो संदेहच आहे.

येथें एक आक्षेप येईल. राज्यकारभार, तह, लढाई यांपैकीं ज्यांत कांहीं नाहीं, अशा पोरांच्या खुशालीच्या पत्रांस इतिहाससाधन म्हणावयाचें काय? आमचें उत्तर असें. पेशवे दप्तरांतील मुदपाकखान्याचे खर्च, लग्नाच्या याद्या, औषधांच्या टिपणी आपण छापल्या, व त्यांवरून त्या काळचा समाज ओळखला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील मध्यम स्थितींतील कुटुंबांचे मुलगे, व पुढें मुलीही, मोठ्या संख्येनें परदेशीं शिकावयास गेल्या. त्यांतील कित्येक परतलीं नाहींत. या स्थलांतराचा मनांतला इतिहास सरकारी आंकड्यांत मिळणार नाहीं. तो आईच्या पत्रांतील मसाल्यांत आणि दादाच्या पत्रांतील भांड्यांत आहे. तोही निम्माच, कारण घरून गेलेलीं उत्तरें परदेशांत राहिलीं, व आपल्या हातीं एका बाजूचें बोलणें आहे. आनंदीबाईंच्या बाबतींतही पतीस लिहिलेलें, कार्पेंटरबाईंस लिहिलेलें व महाविद्यालयास लिहिलेलें हीं तिन्ही पत्रें शेजारीं ठेवल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं. मग कांजूरमार्गच्या विद्यार्थ्यास निराळा न्याय कां?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. पाकीट व पत्र वेगळें करूं नये. तिकीट कापूं नये. तिकिटांच्या संग्रहापुरतेंही तें पत्रासह अधिक मोलाचें आहे. पुडकें ज्या क्रमानें बांधलेलें मिळेल तो क्रम सोडण्यापूर्वीं लिहून ठेवावा. कोठून, कोणाकडून, कोणत्या दिवशीं मिळालें याची नोंद करावी. नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये. परदेशांत चार वर्षें राहिल्यावर मराठींत इंग्रजी वाक्यांचा सांधा कोठें शिरतो, हें त्या अशुद्धांतच दिसतें. हयात माणसांच्या पत्रांस त्यांच्या अनुमतीशिवाय प्रसिद्धि देऊं नये. जतन करणें व छापणें हीं दोन कर्तव्यें आहेत, आणि पहिलें दुसऱ्याची वाट पाहत थांबत नाहीं.

आजचा विद्यार्थी हवाईपत्र लिहीत नाहीं. तो भ्रमणध्वनीवर रोज बोलतो, दोन ओळींचा निरोप पाठवितो, छायाचित्र पाठवितो. यंत्र बिघडलें कीं सर्व एकदम जातें. तेथें खिडकी पडत नाहीं, भिंतच नाहींशी होते. ज्यांचीं मुलें आज परदेशीं आहेत, त्यांनीं निदान वर्षांतून एक पत्र कागदावर मागवावें, आणि आपलें उत्तरही कागदावरच पाठवून त्याची नक्कल घरीं ठेवावी, अशी आमची सूचना आहे. ती भाबडी वाटेल. पण आनंदीबाईंचें २८ जून १८८३ चें पत्र आज आपण वाचूं शकतों, तें एका कचेरीनें एक कागद फेंकला नाहीं एवढ्याच कारणानें.

सदर पुडकें आम्हीं मूळ गांठीसह जपून ठेवलें आहे. पत्रलेखक किंवा त्यांचे कुटुंबीय यांपैकीं कोणास तें परत हवें असल्यास आम्ही तें आनंदानें त्यांच्या स्वाधीन करूं. मात्र त्यापूर्वीं त्या शुक्रवारच्या पत्रांतील वाक्य कसें पुरें होत होतें, हें त्यांस आठवत असल्यास विचारूं, आणि ते जें सांगतील तें पत्राच्या पाठांत न घालतां, पन्नास वर्षांनंतरची आठवण म्हणून निराळ्या कागदावर लिहून घेऊं. इत्यलम्.